लायकी आणि दिंडोरीचा दाखला

"आपल्या लोकांची लोकशाहीची लायकीच नाही." हे वाक्य नाशकात कुठेही कानावर पडते. गंगापूर रोडवरच्या सकाळच्या फेरफटक्यात, कॉलेज रोडच्या चहावर, लग्नाच्या पंगतीत, आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास. बोलणारा बहुधा शिकलेला असतो, घरपट्टी वेळेवर भरणारा असतो, आणि 'आपले लोक' म्हणताना स्वतःला त्यातून अलगद वगळणारा असतो.

या वाक्यामागे एक पूर्ण विचार आहे आणि त्याला नीट बोलू दिले पाहिजे. तो असा : चांगला नागरिक होणे ही माहितीची आणि संस्कारांची बाब आहे. घटना काय म्हणते, हक्क कोणते, कर्तव्ये कोणती, हे एकदा डोक्यात उतरले की माणूस जबाबदारीने वागू लागतो. म्हणून शाळेत नागरिकशास्त्र पक्के करा, निवडणुकीआधी प्रभातफेऱ्या आणि रांगोळ्यांनी जनजागृती करा. लोक शहाणे झाले की त्यांच्या हाती अधिकार द्या, आणि तोवर एखादा कडक अधिकारी आणून बसवा. थोडक्यात, आधी शहाणपण, मग सत्ता.

हे मत काही अडाण्यांचे नाही. जॉन स्टुअर्ट मिल याने 1861 साली प्रातिनिधिक शासनावर ग्रंथ लिहिला. सार्वजनिक कामात भाग घेणे हीच नागरिकाची शाळा, असे तो त्यात बजावून सांगतो. आणि त्याच ग्रंथात मतदाराला वाक्य उतरवून काढता आले पाहिजे, त्रैराशिक सोडवता आले पाहिजे, अशी अटही घालतो. वर शिकलेल्याला जास्त मते द्यावीत असे सुचवतो. शाळा आतमध्ये भरते, पण आत जायला परीक्षा पास झालेली हवी! मिलसारख्याला ही गफलत उमगली नाही, तर आमच्या कॉलेज रोडला काय बोल लावायचा?

आता एक ढोबळ आकडा. माहितीने नागरिक घडत असता, तर जिथे शाळा, कॉलेजे, वाचनालये आणि वर्तमानपत्रे जास्त, तिथे नागरिकपणही जास्त दिसायला हवे होते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत नाशिक मतदारसंघात साधारण 61 टक्के मतदान झाले, शेजारच्या दिंडोरीत 67 च्या घरात. नाशिकच्या आकड्यातही सिन्नर-इगतपुरीच्या खेड्यांनी शहराला हात दिलेला आहे. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालवणारे शहर मागे, आणि सुरगाणा-कळवणच्या डोंगरातली माणसे रांगेत पुढे. मतदानाचा टक्का म्हणजे नागरिकपण नव्हे, हे मला मान्य आहे. पण 'आधी शहाणपण'वाल्यांचा आवडता मापदंड तोच आहे, म्हणून त्यांच्याच मापाने मोजून दाखवले.

उलटा क्रम सुचवणारे लोक आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेले. लॉर्ड रिपनने 18 मे 1882 रोजी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, त्यात स्पष्ट म्हटले आहे की या संस्थांमुळे कारभार लगेच सुधारेल म्हणून त्या हव्यात असे नाही. लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून त्या हव्यात. म्हणजे चुका होणार हे गृहीत धरूनच अधिकार द्यायचे. पुढे 1929 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या निमित्ताने मुंबई प्रांतिक समितीच्या अहवालावर सही नाकारून आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि प्रौढ मतदानाची मागणी केली. निरक्षर म्हणजे बेअक्कल नव्हे, आणि ज्यांना शिकण्याची दारेच बंद ठेवली त्यांच्याकडे साक्षरतेचा दाखला मागणे हा दुहेरी अन्याय, हा त्यांचा मुद्दा. 1950 च्या घटनेने हा युक्तिवाद सरळ स्वीकारला.

पण ग्रंथांची साक्ष पुरे. नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर याचा जिवंत दाखला आहे.

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याचा कालवा खाली ओझरच्या बाजूला येतो. कालव्याच्या शेपटाला ज्यांची जमीन, त्या 'टेल'च्या शेतकऱ्यांची कथा महाराष्ट्रात सगळीकडे सारखीच : नमुना नंबर 7 वर पाण्याचा अर्ज भरायचा, पाटकऱ्याची मनधरणी करायची, आणि आवर्तन सुटले की वरचे शेतकरी पाणी पिऊन टाकतात ते बघत बसायचे. रेकॉर्डवर जमीन भिजलेली, प्रत्यक्षात ढेकळे कोरडी. 1990-91 च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने याच शेपटाच्या शेतकऱ्यांना जमवले आणि तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या : बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर. पाटबंधारे खात्याशी करार झाला. खात्याने चारीच्या तोंडाशी पाणी मोजून द्यायचे, संस्थेने ते आपल्या शेतकऱ्यांत वाटायचे, पट्टी गोळा करायची आणि मोजलेल्या पाण्याचे पैसे खात्यात भरायचे.

यात शिकवणूक कुठे झाली, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पाणी एकरावर न देता घनमापनाने द्यायचे ठरले, की चारीच्या मुखाशी बसवलेल्या प्रवाहमापकाची पट्टी वाचता येणे भाग पडते. पट्टीवर पाणी किती चढले, म्हणजे तासाला किती गेले, म्हणजे आपल्या कोट्यातून किती वजा झाले, हे गणित शाळेत नापास झालेल्यालाही करावे लागते, कारण ते चुकले तर नुकसान त्याच्याच द्राक्षांचे. मिलचे त्रैराशिक इथे परीक्षा म्हणून आले नाही, गरज म्हणून आले, आणि सुटले. दुसरे शिक्षण याहून अवघड होते. धरण भरले नाही, कोटा कापला गेला, की सभेत बसून तूट वाटून घ्यावी लागते. भाऊबंदाचे शेत असले तरी त्याची पाळी संपली म्हणून दार बंद करावे लागते. आणि ते बंद करणारा सरकारी माणूस नसतो, आपण निवडून दिलेला, उद्या बांधावर पुन्हा भेटणारा माणूस असतो. त्याचा राग आला तर पुढच्या निवडणुकीत त्याला पाडता येते. पण पाडणाऱ्यालाच मग त्याच खुर्चीवर बसून तीच तूट वाटावी लागते. नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्यात हे आहे?

पुढे कालव्यावर अशा चोवीस संस्था झाल्या आणि 2003 च्या सुमारास त्यांनी मिळून साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेतले. राज्याने 2005 मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्यामागे वाघाडचा अनुभव उभा होता. कालव्याच्या मुखाशी, मध्ये आणि शेपटाला असणाऱ्या शेतकऱ्यांना संचालक मंडळात सारखे स्थान द्या, ही त्या कायद्यातली तरतूद एखाद्या राज्यशास्त्रज्ञाला सुचली असती तर त्याचे केवढे कौतुक झाले असते. हे शहाणपण मात्र चारीवरून आलेले आहे.

इथे प्रतिपक्षाचा वकील उभा राहणार, आणि त्याचा आक्षेप हलका नाही. तो म्हणेल, यात कसले नागरिकपण? हा तर आपल्या द्राक्षांच्या पाण्याचा स्वार्थ. खरा नागरिक स्वार्थापलीकडे बघतो.

त्याला उत्तर द्यायला दिंडोरी तालुक्यातच थांबावे लागेल. आंबे दिंडोरी हे दादासाहेब गायकवाडांचे गाव. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याचा नाशकातला कणा म्हणजे दादासाहेब. मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रह्यांच्या तुकड्या बसल्या. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या. दारे बंद झाली. रामनवमीच्या रथावेळी दगडफेक झाली, तुरुंग झाले, बहिष्कार झाले, आणि हा लढा वर्षानुवर्षे चालला. दार काही उघडले नाही. फलश्रुतीच्या हिशेबाने बघणारा म्हणेल, फुकट गेला. पण 3 मार्च 1934 च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेबांना हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडून दाखवला : आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा कधीच नव्हता. त्यांच्यात जोर यावा आणि आपण कुठे उभे आहोत याचे भान यावे, याचा हा उत्तम मार्ग वाटला म्हणून तो धरला. ते काम झाले आहे, आता शक्ती राजकारणात आणि शिक्षणात लावावी.

हा क्रम पाहा. आधी कृती, मग भान, मग शिक्षण. रामाचे दर्शन या एका अगदी ठोस मागणीसाठी महारवाड्यातली माणसे एकत्र आली. समिती चालवणे, तुकड्या ठरवणे, निधीचा हिशेब ठेवणे, पोलीस अधिकाऱ्याशी बोलणे, मार खाऊनही हात न उचलणे हे ती त्यात शिकली. तेच दादासाहेब 1957 साली नाशकातून लोकसभेत गेले आणि पुढे 1959 आणि 1964-65 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचे नेते झाले. त्या आंदोलनांत जमीन मागणारा दर माणूस स्वतःसाठीच जमीन मागत होता. स्वार्थातून निघून सार्वजनिक प्रश्नापर्यंत जाणारी वाट हीच असते. कोणाचाच स्वार्थ गुंतलेला नाही अशा सभेला कोण येते, हे कुठल्याही संयोजकाला विचारा.

आणि ज्यांना हा इतिहास जुना वाटतो त्यांनी 6 मार्च 2018 आठवावा. त्या दिवशी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणची हजारो आदिवासी माणसे सहा दिवसांत जवळपास 180 किलोमीटर चालून मुंबईत पोचली, आणि शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. कारण 12 मार्चला दहावीचा पेपर होता आणि मुंबईची पोरे रस्त्यात अडकू नयेत असे त्यांना वाटले. तळपाय सोलवटलेल्या माणसांना कर्तव्यांचा धडा कोणी पाठ करून घेतला होता? त्यांचे नागरिकशास्त्र वनहक्काच्या दाव्यांतून आलेले आहे. 2006 च्या कायद्याखाली दावा करायचा तर कसणूक 13 डिसेंबर 2005 पूर्वीची दाखवावी लागते. ग्रामसभेची वनहक्क समिती, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घ्यावे लागतात, नकाशा काढावा लागतो, दावा फेटाळला तर अपील करावे लागते. जमिनीचा काही भाग पोटखराबा म्हणून लागला तर त्याचा काय परिणाम होतो, हे सुरगाण्याच्या शेतकऱ्याला ठाऊक असते. गंगापूर रोडच्या किती जणांना आपल्या सोसायटीच्या अभिहस्तांतरणाची कागदपत्रे एवढी तोंडपाठ असतील, याची मला शंका आहे. कमी हुशार म्हणून नव्हे. त्यांना तशी वेळच आलेली नाही.

खरी मेख इथे आहे. शहराने नागरिकाच्या हातात दिले आहे तरी काय?

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो. नाव भारदस्त. नियम असा की अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यायचा, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. म्हणजे माझ्या उताऱ्यावरची चूक चालेल, आमच्या वस्तीच्या नाल्याचे गाऱ्हाणे चालायचे नाही. लोकशाहीच्या दिवशी 'आम्ही' म्हणायला बंदी! ग्रामपंचायतीला निदान ग्रामसभा आहे. ती कागदावर उरकली जाते हे खरे असले, तरी भांडून भरवता येते. शहरात हात वर करून बोलण्याची कायदेशीर जागाच नव्हती. ती 2009 मध्ये झाली : महानगरपालिका कायद्यात कलम 29 ब आणि पुढची कलमे घालून क्षेत्रसभा आणल्या गेल्या. काही मतदान केंद्रांच्या मतदारांची मिळून एक सभा, अध्यक्ष नगरसेवक, आणि कामांचा अग्रक्रम त्या सभेने सुचवायचा. केंद्राच्या निधीची अट म्हणून राज्याने ही तरतूद केली आणि मग ती कागदाबाहेर फारशी आलीच नाही.

त्यात प्रभागांची रचना. नाशकात 122 नगरसेवक आणि प्रभाग 31. दोन प्रभागांत तिघे, बाकी सगळीकडे चौघे. गटार तुंबले तर कोणाला धरायचे? चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि आपल्याला वाटते लोकांना प्रश्न विचारता येत नाहीत. मार्च 2022 मध्ये तर महासभेची मुदतच संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे, 15 जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत, स्थायी समिती आणि महासभा यांचे अधिकार प्रशासकाच्या एका सहीत आले. याच काळात सिंहस्थ कुंभमेळ्याचे आराखडे झाले. 'कडक अधिकारी आणा' म्हणणाऱ्यांच्या स्वप्नातली ही अवस्था. तिने किती नागरिक घडवले? त्याआधी 2018 मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त होते. शिस्तीचा माणूस, सकाळी नागरिकांबरोबर फिरत तक्रारी ऐकणारा. करवाढीवरून मोकळ्या जमिनींचे मालक आणि शेतकरी पेटले, नगरसेवकांनी अविश्वास ठराव आणला, मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीने तो टळला, आणि नोव्हेंबरात बदली झाली. मुंढे बरोबर होते की चूक, यावर आजही वाद घालता येईल. माझा प्रश्न निराळा आहे. कर किती असावा आणि त्यातून काय मिळावे, हे ठरवण्याच्या बैठकीत नाशिककर एकदाही बसले नाहीत. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी निषेध केला. अधिकारी गेला, आणि कर ठरवण्याची सवय कोणालाच लागलेली नव्हती.

तपोवनाचे प्रकरण ताजे आहे. साधुग्रामासाठी सतराशे-अठराशे झाडे काढण्याची नोटीस 2025 च्या नोव्हेंबरात निघाली आणि शहर खडबडून जागे झाले. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात हरकतीला सात दिवस मिळतात. शेकड्यांनी हरकती गेल्या, सुनावणीत गदारोळ झाला, प्रकरण हरित लवादाकडे गेले आणि डिसेंबरात तूर्त स्थगिती आली. ज्यांना आपण निद्रिस्त म्हणतो त्यांनी सात दिवसांत कायदा वाचला, पन्नास वर्षांवरचे झाड 'हेरिटेज' ठरते, हे शोधून काढले. मग टीका अशी झाली, की हे लोक फक्त विरोध करतात. बरोबर आहे! शहरातल्या नागरिकाला हरकतीवाचून दुसरे काही ठेवलेलेच नाही. आखाड्यांना जागा लागणार, झाडेही राहायला हवीत, पैसाही मोजका. ही तूट वाटण्याच्या बैठकीला त्याला कोणी बोलावले होते? वाघाडच्या शेतकऱ्याला आपण दार उघडायला आणि बंद करायला दिले, म्हणून तो दोन्ही शिकला. नाशिककराला फक्त 'नाही' म्हणायला ठेवले, म्हणून तो तेवढेच शिकला.

विरुद्ध पक्षाच्या पदरात जे पडायला हवे ते टाकतो. माहिती लागते. उपाध्ये-कावळ्यांनी खात्याचे नियम समजावले नसते, किसान सभेने वर्षानुवर्षे पाड्यापाड्यांवर बैठका घेतल्या नसत्या, तर नुसत्या गरजेने कोणी संघटित झाले नसते. नुसती रचना उभी करूनही भागत नाही : 2005 च्या कायद्यानंतर राज्यात पाणी वापर संस्थांची नोंदणी जोरात झाली आणि त्यांतल्या पुष्कळ नोंदणीपुरत्याच उरल्या, कारण चारीत मोजून पाणी आलेच नाही. सत्ता नावापुरती दिली की नागरिकही नावापुरताच तयार होतो. पण माहिती सत्तेच्या आधी येते, हे मात्र खोटे. ती तिच्याबरोबर येते, आणि बहुतेक वेळा थोडी मागून.

दहावीला इतिहासाच्या गळ्यात बांधलेले राज्यशास्त्र शिकवू नका, असे मी म्हणत नाही. शिकवा. पण पोरांना लोकसभेच्या सदस्यसंख्येबरोबर आपल्या प्रभागाचे अंदाजपत्रकही वाचायला द्या. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात सरकारी कार्यालयातल्या फायली नागरिकाला पाहता येतात, असा राज्याचा 2018 चा आदेश आहे. एखादा वर्ग तिथे नेऊन बसवा.

आणि मोठ्यांनी एक काम करावे. महापालिकेत आता पुन्हा निवडून आलेली माणसे बसली आहेत. तुमच्या प्रभागाचे चार नगरसेवक कोण, ते शोधा आणि चौघांनाही एकच लेखी प्रश्न पाठवा : कलम 29 ब प्रमाणे आमची क्षेत्रसभा कोणत्या तारखेला आहे? पोच घ्यायला विसरू नका.